केप मे : शेपटीखाली लिहिलेली नावं

न्यू जर्सी राज्याचा नकाशा समोर धरला तर दक्षिणेला एक टोक निमुळतं होत पाण्यात शिरलेलं दिसतं. पूर्वेला अटलांटिक महासागर, पश्चिमेला डेलावेअरची खाडी. हे केप मे. गार्डन स्टेट पार्कवेवरचे मैलांचे आकडे उतरत उतरत इथे शून्यावर येतात. एडिसन-इझलिन भागातली मराठी कुटुंबं इकडे येतात ती उन्हाळ्यात, पुळणीवर खेळायला आणि व्हिक्टोरियन धाटणीची रंगीत लाकडी घरं बघायला. सप्टेंबरच्या मध्याला शाळा सुरू झालेल्या असतात, किनारा मोकळा होतो, हॉटेलांचे दर उतरतात, आणि मग गळ्यात दुर्बीण अडकवलेली माणसं यायला लागतात. मी गेले ती याच दिवसांत. एडिसनला राहणारा भाचा सोबत होता. गाडी चालवणं, खाणंपिणं आणि पहाटे चारला उठून बसणं या तिन्ही गोष्टी त्याने तक्रार न करता केल्या, म्हणूनच हा प्रवास झाला.

केप मेचं सगळं महत्त्व त्याच्या आकारात आहे. कॅनडातल्या आणि अमेरिकेच्या उत्तर भागातल्या जंगलांत उन्हाळ्यात वीण करणारे लहान पक्षी शरदात दक्षिणेकडे निघतात. प्रवास रात्रीचा. थंड हवेची लाट येऊन गेली की मागून वायव्येचा वारा सुटतो. तो पाठीशी घेऊन लाखो पक्षी उडतात, आणि त्यातले बरेचसे वाऱ्याबरोबर किनाऱ्याकडे ढकलले जातात. उजाडतं तेव्हा काही समुद्रावर असतात, काही जमिनीच्या अगदी शेवटच्या टोकावर. पुढे खाडी. केप मेहून पलीकडच्या लुइस गावी जाणाऱ्या फेरीबोटीला जवळजवळ दीड तास लागतो. रात्रभर उडून थकलेला दहा-बारा ग्रॅमचा पक्षी ते पाणी बघून वळतो आणि खाडीच्या काठाकाठाने पुन्हा उत्तरेला जायला लागतो; उतरायला झाडी हवी, पोटात काहीतरी जायला हवं. दक्षिणेला निघालेले पक्षी सकाळी उत्तरेला उडताना दिसतात ते यामुळे. इथले लोक याला ‘मॉर्निंग फ्लाइट’ म्हणतात, आणि ती पाहायची जागा म्हणजे हिग्बी बीच.

मला पाहायचे होते वॉर्बलर. आपल्याकडे वटवट्या म्हणतो त्यांच्याशी या अमेरिकन पक्ष्यांचं जवळचं नातं नाही. हे वेगळंच कूळ आहे, फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत आणि कॅरिबियन बेटांत राहणारं. चिमणीपेक्षा लहान, चोच बारीक, एका जागी क्षणभर न थांबणारे. वसंतात, म्हणजे मे महिन्यात, हे पक्षी ओळखायला सोपे असतात. नरांच्या अंगावर केशरी, काळा, विटकरी, निळा, पिवळाधमक असे रंग असतात. एक पाहिला की दुसऱ्याशी घोळ होणं कठीण. शिवाय ते गातात. शरदात गाणं नसतं आणि रंगही नसतात. वीण आटोपली की बहुतेक जाती पिसं टाकतात, नवी पिसं येतात ती हिरवट, पिवळट, करडी. त्यात त्या वर्षी जन्मलेल्या पिल्लांची भर. किनाऱ्यावर शरदात दिसणाऱ्या वॉर्बलरांत पहिल्याच स्थलांतराला निघालेले तरुण पक्षीच फार मोठ्या संख्येने असतात, आणि त्यांची पिसं सर्वांत फिकी.

रॉजर टोरी पीटरसन या चित्रकाराने 1934 साली पक्षी ओळखायचं छोटं पुस्तक काढलं. खिशात मावेल असं, आणि जिथे बघायचं तिथे बारीक रेघ मारून बोट दाखवणारं. त्या काळात पक्षी ओळखायचा म्हणजे पुष्कळदा मारूनच ओळखायचा. या पुस्तकाने ती सवय मोडायला मोठा हातभार लावला. पुढच्या आवृत्त्यांत ‘गोंधळात टाकणारे शरदातले वॉर्बलर’ अशा मथळ्याची पानं होती. त्यांवर एकाखाली एक हिरवट-पिवळट पक्षी, सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेले. अमेरिकेतल्या पक्षिनिरीक्षकांच्या पिढ्याच्या पिढ्या या पानांना घाबरत आल्या. माझं मत मात्र केप मेला जाऊन असं झालं, की त्या पानांवरचे पक्षी एका बाजूने आणि समोर बसलेले आहेत म्हणून कठीण वाटतात. खऱ्या झाडावर पक्षी असा बसतच नाही. तो डोक्यावर असतो. आपल्याला त्याचं पोट दिसतं, पाय दिसतात आणि शेपटीची खालची बाजू दिसते. आणि नाव नेमकं तिथेच लिहिलेलं असतं.

हिग्बीला आम्ही अंधारात पोचलो. गाडीतळाच्या पुढे झाडीने वेढलेली मोकळी रानं आहेत, वन्यजीवांसाठी मुद्दाम राखलेली. कडेला रानचेरी, सीडर, त्यांवर चढलेल्या वेली. यातली एक वेल पॉयझन आयव्ही. तिची पानं अंगाला लागली तर आठवडाभर खाज सुटते, म्हणून पायवाट सोडायची नाही, ही सूचना तिथे नवख्या माणसाला सगळ्यात आधी मिळते. डास भरपूर. उत्तरेला केप मेचा कालवा आहे, दुसऱ्या महायुद्धात खोदलेला. जर्मन पाणबुड्यांच्या धाकाने जहाजांना टोकाला वळसा न घालता आतून जाता यावं म्हणून. त्या कालव्यालगतच्या मातीच्या बांधाजवळ मॉर्निंग फ्लाइटची मोजणी होते. केप मे बर्ड ऑब्झर्व्हेटरी ही संस्था 1970च्या दशकापासून इथे काम करते. शिकारी पक्ष्यांची मोजणी दीपगृहाजवळच्या लाकडी मचाणावरून, आणि लहान पक्ष्यांची इथून.

उजाडता उजाडता आवाज सुरू झाले. बारीक, अर्ध्या सेकंदाहूनही लहान. ‘त्सीप’, ‘झीट’, ‘चिक’. मग आकाशात ठिपके. मोजणारे लोक त्या ठिपक्यांना नावानिशी पुकारत होते, पक्षी डोक्यावरून जाऊन दिसेनासा व्हायच्या आत. रंग दिसण्याइतका उजेडही नव्हता. ते बघत होते शेपटीची लांबी, छातीचा फुगीरपणा, पंखांचे ठोके, आणि ऐकत होते तो एक बारीक आवाज. भाच्याने शेजारच्या एका वयस्क गृहस्थांना विचारलं, इतक्यात कसं कळतं? ते म्हणाले, “तुझा मित्र रस्त्याच्या पलीकडून पाठमोरा चालला असेल तर तुला कळतं ना? तसंच. फक्त आधी मैत्री व्हायला पाहिजे.” त्यांनीच मग आम्हाला झाडीच्या कडेला नेलं. आकाशातल्यांचा नाद सोडा, म्हणाले, जे उतरलेत त्यांच्याकडे बघा, आणि खालून बघा.

खालून बघायचं म्हणजे काय, तर शेपटी. याला कारण आहे. वसंतात वॉर्बलर जे रंगीत रूप घेतात ते अंगावरची आणि डोक्यावरची पिसं बदलून. पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं तेव्हा बदलत नाहीत. उन्हाळ्याअखेरीस आलेलीच पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकतात. म्हणजे चेहरा हंगामाप्रमाणे बदलतो, पण शेपटीवरची काळ्या-पांढऱ्याची मांडणी वर्षभर जवळजवळ तीच राहते. तरुण मादीच्या शेपटीत पांढरा भाग थोडा कमी असतो, इतकाच फरक. 2013 साली टॉम स्टीफन्सन आणि स्कॉट व्हिटल यांचं ‘द वॉर्बलर गाइड’ आलं. त्यात प्रत्येक जातीची शेपटी खालून कशी दिसते त्याची चित्रं ओळीने दिली आहेत. माझ्या मते शरदातल्या वॉर्बलरांसाठी ती ओळ पाठ करणं हा सगळ्यात चांगला अभ्यास आहे.

रानचेरीवर एक पक्षी होता. डोकं राखाडी, पोट पिवळं, बाजूंवर अगदी पुसट रेघा. पुस्तकातल्या पानावर अशी चार-पाच चित्रं सहज निघतील. तो फांदीच्या टोकाला सरकला आणि शेपटी आमच्याकडे आली. मुळाकडचा अर्धा भाग पांढराशुभ्र, टोकाकडचा अर्धा काळा, मध्ये सरळ रेघ मारल्यासारखा काप. मॅग्नोलिया वॉर्बलर. उत्तर अमेरिकेत दुसऱ्या कोणत्याही वॉर्बलरची शेपटी खालून अशी दिसत नाही. डोकं पानात लपलेलं असलं तरी चालतं. त्याच झाडावर अमेरिकन रेडस्टार्ट होता, मादी किंवा तरुण नर. अंग करडं, पण शेपटीच्या बाजूंवर पिवळे ठसठशीत डाग, आणि तो शेपटी सारखी उघडमिट करत होता. यलो वॉर्बलरची शेपटी खालून पिवळी. हूडेडची जवळपास पांढरी, विल्सन्सची सगळी गडद. आणि हे दोघे, पिवळे आणि साधे चेहरे असलेले, शेपटी सोडली तर एकमेकांत मिसळून जातात. ब्लॅक-थ्रोटेड ब्लूची मादी मात्र याला अपवाद: मळकट शेवाळी रंग, शेपटीवर सांगण्यासारखं काही नाही, पण पंखाच्या कडेला, जिथे मोठी पिसं सुरू होतात तिथे, छोटा पांढरा चौकोन. तो दिसला की बाकी काही बघावं लागत नाही.

शेपटीच्या मुळाशी, खालच्या बाजूला जी मऊ पिसं असतात त्यांचा रंग ही दुसरी खूण. टेनेसी वॉर्बलर आणि ऑरेंज-क्राउन्ड वॉर्बलर दोघेही हिरवट, दोघांच्याही पंखांवर पट्टे नाहीत, दोघांच्याही डोळ्यांवरून गडद रेघ. टेनेसीची ती पिसं पांढरी, ऑरेंज-क्राउन्डची पिवळी, बहुधा अंगातला सगळ्यात पिवळा भाग तोच. वेळही मदतीला येते: टेनेसी सप्टेंबरात जास्त, ऑरेंज-क्राउन्ड ऑक्टोबरात, थंडी पडल्यावर.

पण शरदातल्या वॉर्बलरांचा खरा कस लागतो तो तीन जातींत: ब्लॅकपोल, बे-ब्रेस्टेड आणि पाइन. मे महिन्यात या तिघांना कोणी एकत्र उच्चारणारही नाही. ब्लॅकपोलच्या नराला काळी टोपी आणि पांढरे गाल. बे-ब्रेस्टेडचा नर विटकरी डोक्याचा, विटकरी गळ्याचा, काळ्या चेहऱ्याचा. पाइन साधा पिवळा. सप्टेंबरात तिघेही शेवाळी-पिवळे, तिघांच्याही पंखांवर दोन पांढरे पट्टे. नक्की न कळलेल्या पक्ष्यासाठी अमेरिकन निरीक्षकांनी ‘बेपोल’ असं जोडनावच करून ठेवलं आहे.

आम्हाला यातले दोन एकाच ओकच्या झाडावर मिळाले आणि पुष्कळ वेळ मिळाले. पानांच्या खालच्या बाजूला बारीक अळ्या होत्या. दोघेही त्या टिपण्यात गुंतले होते आणि घाईत नव्हते. वरच्या फांदीवरच्या पक्ष्याचं पोट पिवळसर, छातीच्या बाजूंवर राखाडी रेघा, ओल्या बोटाने पुसल्यासारख्या. शेपटीच्या मुळाशी स्वच्छ पांढरा. तो एका काटकीला उलटा लटकला तेव्हा पाय उन्हात आले: नळी काळपट, पण पंजा पिवळा, तळवा तर हळदीसारखा. ब्लॅकपोल. खालच्या फांदीवरच्याची मान आणि पाठीचा वरचा भाग जास्त ताजा, पोपटीकडे झुकणारा हिरवा. छातीवर रेघा नाहीत. गळ्यापासून खाली सगळीकडे फिकट सायीचा रंग, शेपटीच्या मुळाशीही तोच, पांढरा नव्हे. पाय आणि पंजे दोन्ही गडद. आणि पंखाखाली, कुशीवर, बघत राहिलं तर हळूहळू जाणवणारी एक तांबूस झाक. बे-ब्रेस्टेड. मोठ्या नराच्या कुशीवर हा तांबूसपणा स्पष्ट असतो, तरुण मादीत काहीच नसतो. आमचा मधला कुठला तरी होता.

“मावशी, पाय बघायचे हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मीही हे केलं असतं,” भाचा म्हणाला. त्याचं म्हणणं खरं आहे. चेहरा बघायची आपली सवय इतकी पक्की असते की पायाकडे नजर जायला शिकवावं लागतं.

पाइन वॉर्बलर आम्हाला तिथे मिळाला नाही, आणि ते अपेक्षितच होतं. तो न्यू जर्सीतल्याच पाइनच्या जंगलांत राहतो, फार लांब जात नाही, आणि त्याची ये-जा ऑक्टोबरात वाढते. पण खुणा सांगते. पाठीवर एकही रेघ नाही; बाकी दोघांच्या पाठीवर असतात. गाल गडद, आणि त्याखालून गळ्याचा पिवळा रंग मानेकडे वळून गेलेला. शेपटी लांब, चोच जाड. या तिघांत तो ओळखायला सोपा आहे, हे त्याला मन लावून एकदा पाहिलं की कळतं. ब्लॅकपोल आणि बे-ब्रेस्टेड यांच्यात मात्र भूगोलही विचारात घ्यावा. बे-ब्रेस्टेडचा मोठा ओघ देशाच्या आतल्या भागातून मेक्सिकोच्या आखाताकडे जातो. अटलांटिकच्या किनाऱ्यावर सप्टेंबरअखेरीस हिरवट-पिवळा, दोन पट्ट्यांचा वॉर्बलर दिसला तर तो ब्लॅकपोल असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

या ब्लॅकपोलविषयी थांबून सांगायला हवं, कारण त्याचे पिवळे तळवे बघताना मला ते सारखं आठवत होतं. त्याचं वजन एरवी बारा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अमेरिकेची दोन क्वार्टर नाणी. शरदात ईशान्य किनाऱ्यावर येऊन तो खात सुटतो आणि वजन दुपटीच्या जवळ नेतो, सगळी चरबी. मग एका रात्री वारा अनुकूल बघून थेट समुद्रावर निघतो. जमिनीच्या कडेने नव्हे, सरळ अटलांटिकवरून. हे असं असावं असा अंदाज जुना होता, पण पुरावा मिळाला 2015 साली. अमेरिकन आणि कॅनेडियन संशोधकांनी व्हर्मॉन्ट आणि नोव्हा स्कोशिया इथल्या ब्लॅकपोलांच्या पाठीवर अर्ध्या ग्रॅमची, उजेड नोंदणारी उपकरणं बसवली होती. पुढच्या वर्षी पाच पक्षी पुन्हा हाती लागले. नोंदी सांगत होत्या: न थांबता दोन ते तीन दिवस, 2,270 ते 2,770 किलोमीटर, खाली फक्त पाणी, आणि मग कॅरिबियन बेटं. तिथून दक्षिण अमेरिका. वाटेत उतरायला फांदी नाही. वॉर्बलर पाण्यावर बसू शकत नाही. आम्ही ओकवर पाहिलेला पक्षी त्या उड्डाणासाठीच अळ्या गोळा करत असेल, आणि त्याच्या आयुष्यातलं ते पहिलंच असण्याची शक्यता खूप.

दुपारी आम्ही केप मे पॉइंटच्या उद्यानात गेलो. 1859 सालचं दीपगृह अजून चालू आहे. 199 पायऱ्या चढून वर गेलं की टोकाचा सगळा आकार एका नजरेत येतो, आणि पक्षी इथे का साठतात हे समजावून सांगावं लागत नाही. दीपगृहाखालून लाकडी फळ्यांची वाट पाणथळीतून जाते. गोल्डनरॉडची पिवळी फुलं, त्यांवर मोनार्क फुलपाखरं. त्यांचाही मेक्सिकोचा प्रवास याच दिवसांत इथून होतो. बेबेरीची झुडपं दोन्ही बाजूंना. या फळांवर मेणाचा थर असतो, तो पचवणं बहुतेक पक्ष्यांना जमत नाही. यलो-रम्प्ड वॉर्बलरला जमतं, म्हणून बाकीचे वॉर्बलर दक्षिणेला पळाले तरी हा हिवाळ्यात या किनाऱ्यावर राहू शकतो. ऑक्टोबरात तो हजारोंनी येतो. अंग तपकिरी-करडं, पण उडाला की शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला लख्ख पिवळा डाग. त्याच्यासारखाच करडा पाम वॉर्बलर जमिनीवर, वाटेच्या कडेला फिरतो आणि शेपटी सतत खालीवर हलवतो. तिथे पिसांपेक्षा सवय बघायची. आपल्याकडचा धोबी ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही हालचाल लगेच खुणावेल.

गावाचं नाव ज्या पक्ष्याला मिळालं तो केप मे वॉर्बलर आम्हाला त्याच वाटेवर, एका सीडरवर दिसला. या नावामागची गोष्ट मजेदार आहे. 1811 साली जॉर्ज ऑर्ड यांनी इथे एक पक्षी मारला, आणि अमेरिकन पक्षिशास्त्राचा पाया घालणाऱ्या अलेक्झांडर विल्सन यांनी या जागेवरून त्याला नाव दिलं. त्यानंतर केप मेला तो पुन्हा नोंदला जायला शंभरहून अधिक वर्षं जावी लागली. शरदात तो नियमित येत असणार. पण शरदातला केप मे वॉर्बलर म्हणजे राखाडी अंग, पोटावर बारीक रेघा, आणि मानेच्या बाजूला, कानामागे, हिरवट-पिवळसर एक पुसट ठिगळ. शेपटीच्या मुळाशी वर किंचित हिरवट. इतकंच. दुर्बिणी साध्या आणि पुस्तकं बंदुकीवाल्यांची होती तोवर असा पक्षी कोणाच्या लेखी येणार नव्हता. आमच्या पक्ष्याने मान वळवली तेव्हा ते ठिगळ दिसलं. चोच सुईसारखी, टोकाला जराशी खाली वळलेली. हिवाळ्यात हा कॅरिबियन बेटांवर फुलांतला रस पितो. त्याची जीभही त्यासाठी थोडी नळीसारखी झालेली आहे.

केप मे वॉर्बलर, बे-ब्रेस्टेड आणि टेनेसी या तिघांची संख्या उत्तरेकडच्या जंगलांत स्प्रूसवर पडणाऱ्या बडवर्म नावाच्या अळीवर खालीवर होते. अळीचा उद्रेक झाला की वीण जोरात, आणि त्या वर्षीच्या शरदात केप मेच्या झाडांवर ते जाणवतं. रॉबर्ट मॅकार्थर यांनी 1958 साली लिहिलेला शोधनिबंध परिस्थितिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावा लागतो, तो याच वॉर्बलरांवर आहे. मेन राज्यातल्या स्प्रूसच्या झाडांवर पाच जाती एकत्र राहतात, मग एकमेकींच्या तोंडचा घास का काढत नाहीत? त्यांनी घड्याळ लावून पाहिलं, की एकच झाड प्रत्येक जात वेगळ्या उंचीवर आणि फांदीच्या वेगळ्या भागात शोधते. केप मे शेंड्याला, बे-ब्रेस्टेड मधल्या भागात, आतल्या फांद्यांवर. जवळून सारखे दिसणारे हे पक्षी जगण्याच्या रीतीत किती वेगळे आहेत, हे त्या निबंधाने दाखवलं. मला वाटतं, ओळख पटवण्याचा खटाटोप का करायचा या प्रश्नाला हे पुरेसं उत्तर आहे. ‘एक हिरवट पक्षी’ अशी नोंद केली तर अळीचं प्रमाण, जंगलाचं आरोग्य, समुद्रावरचा प्रवास, यातलं काहीच त्या नोंदीतून निघत नाही.

आणि नोंदींची गरज आज जास्त आहे. 2019 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार 1970 पासून उत्तर अमेरिकेतले सुमारे 290 कोटी पक्षी कमी झाले. त्यातले साठ कोटींहून अधिक वॉर्बलर. कारणं अनेक आहेत, पण एक डोळ्यांसमोर घडतं. रात्री उडणारे पक्षी शहरांच्या दिव्यांकडे ओढले जातात आणि काचांवर आपटतात. 5 ऑक्टोबर 2023 रोजी शिकागोत सरोवराकाठच्या मॅकॉर्मिक प्लेस या एकाच इमारतीखाली हजाराच्या जवळ मेलेले पक्षी सापडले. त्यात पाम आणि यलो-रम्प्ड पुष्कळ होते. पहाटे ते गोळा करणारे स्वयंसेवक एकेक पक्षी हातात घेऊन त्याची जात लिहितात, आणि तिथेही शेपटी, पाय, पोट यांच्याच खुणा कामी येतात. पुढे त्या इमारतीच्या काचांवर ठिपक्यांची फिल्म लावली गेली. काचेवर ठिपके लावायला पैसे लागतात, दिवे मालवायला लागत नाहीत. मोठ्या इमारतींनी स्थलांतराच्या रात्री दिवे मालवावेत, यावर वाद का व्हावा हे मला समजत नाही.

कोणाला जायचं असेल तर: वॉर्बलरांसाठी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा मध्य. विविधता हवी तर सप्टेंबर, संख्या हवी तर ऑक्टोबर. तारीख ठरवण्यापेक्षा वारा बघून निघणं चांगलं. थंड हवेची लाट संध्याकाळी येऊन गेली आणि रात्री वायव्येचा वारा असेल तर पहाटे हिग्बी गाठावं. दक्षिणेचा वारा असेल तर झोप काढावी. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचा ‘बर्डकास्ट’ हा उपक्रम हवामानाच्या रडारवरून रात्री किती पक्षी हवेत आहेत याचा अंदाज देतो. एडिसनहून निघायच्या आधी आम्ही तोच बघितला होता. दुर्बीण आठपटीची असावी, दहापटीची नको. या पक्ष्यांमागे दुर्बीण फिरवायची तर नजरेत आलेलं क्षेत्र मोठं हवं. मान दुखते, त्यावर उपाय नाही.

आणि जे ऑक्टोबरात महाराष्ट्रात असतील त्यांच्याकडेही हाच पेच त्या वेळी येऊन उतरलेला असतो, फक्त कूळ वेगळं. सिंहगडाच्या दरीत, ताम्हिणीत, महाबळेश्वरला झाडांच्या शेंड्यांत हिरवट वटवटे फिरू लागतात. हिमालयातून, मध्य आशियातून आलेले. केप मेची युक्ती इथे लागू पडत नाही, कारण या वटवट्यांच्या शेपट्या खालून सगळ्या सारख्याच, खूण नसलेल्या. इथे कानावर भिस्त ठेवावी लागते. ग्रीनिश वटवट्याच्या पंखावर एक बारीक फिकट पट्टा असतो, पण तो पिसं झिजली की दिसेनासा होतो. त्याची दोन अक्षरी ‘चि-लिप’ साद मात्र दिवसभर चालू असते. ह्यूम्स त्याहून लहान, पंखावर दोन पट्टे. वेस्टर्न क्राउन्डच्या डोक्याच्या मधोमध फिकट रेघ. सल्फर-बेलीड पोटाने पिवळसर, पंखावर पट्टा नाही, आणि तो शेंड्यात शोधायचाच नाही. तो कातळावर, दगडी तटबंदीवर, झाडाच्या बुंध्यावर सरपटल्यासारखा किडे टिपत फिरतो. सिंहगडाच्या वाटेवर दगडांवरून हलणारा हिरवट-तपकिरी पक्षी दिसला तर आधी त्याचंच नाव आठवावं.